साठ टक्क्यांचा साप

जुलैत मिरकरवाड्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडून बघा. मिठाला पाणी सुटलेलं असतं. काही घरांत बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, काही ठिकाणी ती चुलीजवळ सरकवतात, तरी ऑगस्टपर्यंत तळाशी चिखल होतोच. यामागे साधं रसायनशास्त्र आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि त्यातच विरघळायला लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतील तर त्याही आधी. म्हणजे रत्नागिरीच्या बंदराला चिकटलेल्या या वस्तीत घरोघरी एक आर्द्रतामापक आहे, आणि पावसाळाभर तो एकच निकाल देतो : हवा पाण्याने गच्च आहे.

आता समजा, याच हवेत राहणारा एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर शोधतोय : ‘बॉल पायथनच्या टाकीतली ह्युमिडिटी कशी वाढवायची?’ त्याला उत्तरं मिळतात. दिवसातून दोनदा फवारा मारा. जाळीचं झाकण फॉइलने झाका. पाण्याचं भांडं दिव्याखाली सरकवा. फॉगर घ्या. एकही उत्तर खोटं नाही. फक्त ती सगळी अशा घरांसाठी लिहिलेली आहेत जिथे खिडकीबाहेर बर्फ पडतोय.

हा लेख त्या उत्तरांच्या विरोधात आहे, आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाच्याच विरोधात आहे. काचेच्या पेटीत साप ठेवून तिच्यातला टक्का सांभाळत बसणं हा आपल्याकडे हळूहळू छंद म्हणून रुजतोय. रील्समध्ये तो फार सुंदर दिसतो : मंद दिवा, हिरवी वेल, काचेवर दव, आणि गुंडाळी करून बसलेलं सोनेरी जनावर. कोपऱ्यात एक छोटा डिजिटल डबा चमकत असतो. ६० टक्के. सगळं ठीक. माझं म्हणणं असं की त्या डब्यावरचा आकडा सापाबद्दल फारच थोडं सांगतो. तो मुख्यतः मालकाची समजूत घालतो.

आकडा कुठून आला

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो हजारोंनी बाहेर गेला आणि अमेरिका-युरोपातल्या घरांत पाळीव झाला. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. दोघांना पाळायचं शास्त्र लिहिलं गेलं ते थंड देशांत, आणि तिथली अडचण काय आहे ते एका हिशोबात कळतं. बाहेर शून्य अंश तापमान आहे आणि हवा पाण्याने पूर्ण भरलेली आहे, म्हणजे १०० टक्के. हीच हवा घरात येऊन हीटरने २२ अंशांपर्यंत तापली की तिची टक्केवारी २३च्या आसपास उतरते. ओठ फुटतात, लाकडाला चिरा पडतात आणि सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. अशा घरात बसून लिहिणारा माणूस ‘पाणी वाढवा’ हेच सांगणार. त्याचं चुकलं नाही.

आपलं चुकतं ते त्याचा उपाय जसाच्या तसा उचलण्यात. आपण तो आकडा आणला, फवारा आणला, फॉगर आणला, पण ज्या हवेवर तो उपाय होता ती हवा आणली नाही. मिरकरवाड्यात पावसाळ्यात बाहेरच ९० टक्के आर्द्रता असते. तिथे फवारा मारणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं.

टक्का म्हणजे किती पाणी

बहुतेक छंदवाल्यांना ‘सापेक्ष’ या शब्दाचा अर्थच कुणी सांगितलेला नसतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती पाणी आहे ते नव्हे. त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते, त्यापैकी किती धरलं आहे, ते म्हणजे सापेक्ष आर्द्रता. तापमान वाढलं की हवेची पाणी धरायची ताकद वाढते आणि टक्का खाली येतो, एकही थेंब कमी न होता.

पावसाळ्यातली दुपार घ्या. २७ अंश, ९० टक्के. ही हवा पेटीत शिरली आणि दिव्याखाली ३२ अंशांपर्यंत तापली. आता टक्का झाला साधारण ६७. पाणी तेवढंच आहे. हायग्रोमीटर दिव्याच्या बाजूला चिकटवला असेल तर मालक खूश होईल. तोच डबा थंड कोपऱ्यात हलवला तर मालक घाबरेल. साप मात्र त्या दोन्ही आकड्यांमध्ये कुठेतरी, ओल्या भुशावर पोट टेकून पडलेला असतो, आणि त्याच्या पोटाखाली काय चाललंय ते दोन्ही डब्यांना दिसत नाही.

आता त्याच घरात एसी लावा. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारं पाणी हे खोलीच्या हवेतून काढलेलं पाणी असतं. खोली झाली २४ अंश आणि ५० टक्के. माणसाला छान वाटतं. ही हवा पेटीत जाऊन ३२ अंशांपर्यंत तापली की उरतात ३१ टक्के. बाहेर धो धो पाऊस आणि पेटीत वाळवंट! मग मालक झाकण फॉइलने बंद करतो, फवारा मारतो, आत ३० अंश आणि ७० टक्के करून दाखवतो. पण एवढ्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या जवळ असतो. एसी जरा वाढवला, काच २२ अंशांवर आली, की आतल्या बाजूने दव धरतं आणि ते काचेवरून ओघळत खालच्या भुशात मुरतं. डबा ७० दाखवतोय, तळाशी दलदल आहे.

रात्री वीज जाते. कोकणात पावसाळ्यात ती जाते हे कुणाला सांगायला नको. एसी बंद, दिवा बंद, फॉगर बंद, कंट्रोलर बंद. खिडकी उघडली जाते आणि सकाळपर्यंत पेटी ९५ टक्क्यांवर जाते. एका दिवसात एकाच जनावराने वाळवंट, दलदल आणि पुन्हा दलदल असं सगळं पाहिलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. माणसांनी मेणबत्त्या लावून दिवस काढले. मेणबत्तीवर पेटीतलं तापमान सांभाळता येत नाही.

कात

मराठीत ‘कात टाकली’ म्हणजे नवं रूप आलं, सगळं ताजं झालं. ज्याने हा वाक्प्रचार रुळवला त्याने मोकळ्यावरचा साप पाहिला असणार. पेटीतल्या सापाची कात ही बऱ्याचदा दुखण्याची सुरुवात असते.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव भरतो, त्यामुळे डोळे दुधाळ निळसर दिसतात. मग ते पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत साप खडबडीत जागेवर नाक घासून ओठापाशी कात फोडतो. उलटा मोजा काढावा तशी ती अख्खी सोलवटून येते. हे सगळं जमायला शरीरात पुरेसं पाणी लागतं आणि दडायला दमट जागा लागते. हवा कोरडी असेल, साप तहानलेला असेल, तर कात फाटते. शेपटीच्या टोकाला तिची अंगठी राहून जाते, ती आवळत जाते, रक्त थांबतं आणि टोक झडतं. डोळ्यावरचा खवला राहिला तर पुढच्या कातीच्या वेळी दुसरा त्यावर बसतो. हौशी मालक चिमटा घेऊन तो ओढायला जातो आणि डोळाच जातो.

उलट बाजूही तितकीच वाईट. सतत ओल्या भुशावर पडून राहिलं की पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, खवले तपकिरी पडतात, सडतात. साचलेल्या दमट हवेत फुप्फुसाला संसर्ग होतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून कफ काढून टाकणं त्याला जमत नाही. तोंडाच्या कडेला बुडबुडे दिसायला लागतात, श्वासाला शीळ येते, मान वर करून तोंड उघडं ठेवून तो बसतो. तो फोटोही कुणीतरी टाकतं, ‘माझा बेबी हसतोय’ म्हणून.

या छंदाची सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे साप ओरडत नाही. कुत्रं दुखलं की विव्हळतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं, पोपट पिसं उपटतो. साप गप्प पडून राहतो. निरोगी असला तरी पडून राहतो आणि मरायला टेकला तरी पडूनच राहतो. ‘लो मेंटेनन्स’ म्हणून तो विकला जातो तो याच गुणावर. आपण त्याच्या गप्प बसण्याला समाधान समजतो.

काच कुणासाठी

काचेची पेटी ही मुळात माशांची टाकी. रत्नागिरीला हे वेगळं सांगायला नको, झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय शाळेच्या सहलीत निम्म्या जिल्ह्याने बघितलंय. माशासाठी काच ठीक आहे, कारण आत पाणी आहे आणि ते पाणीच त्याचं घर आहे. सापासाठी तीच पेटी घेतली की तिच्यात वाऱ्याला वाट राहत नाही. चार बाजू आणि तळ बंद, फक्त वरून जाळी. गरम हवा वरून निघून जाते आणि ओल घेऊन जाते, म्हणून पेटी कोरडी पडते. जाळी झाकली की हवा कोंडते. मधला रस्ता काढायला पुढच्या बाजूला खाली फट आणि मागे वर फट हवी, म्हणजे हवा आपोआप फिरते. पण तशी पेटी शोधून घेणारे थोडे, कारण स्वस्तात मिळते ती टाकी. आणि टाकी छान दिसते.

सापाला चारही बाजूंनी दिसणं नको असतं. बॉल पायथन दिवसाचा बहुतेक वेळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या जुन्या वारुळात काढतो. वर सवाना तापलेलं असतं आणि खाली बिळात हवा दमट, थंड, जवळजवळ स्थिर असते. रात्री तो बाहेर येतो, कोरड्या हवेत शिकार करतो, पुन्हा आत जातो. म्हणजे त्याची आर्द्रता किती, याला एक उत्तरच नाही. त्याला दोन्ही हवेत, आणि कधी कुठली हे तो ठरवतो.

लांब कशाला जायचं, रत्नागिरीचा सडा बघा. एप्रिलमध्ये जांभ्याच्या कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्याच कातळावरचा एक दगड उलटला तर खाली मातीला गारवा असतो, आणि नशीब वाईट असेल तर फुरसं असतं. फुरशांसाठी हा जिल्हा जुना प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या काळात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार इनाम देत असे आणि मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले होते. तरी फुरसं संपलं नाही. एवढ्या रखरखीत जागी ते टिकलं याचं एक कारण त्या दगडाखाली आहे. हातभर सरकलं की त्याला दुसरं हवामान मिळतं.

सापाला टक्केवारी लागत नाही, निवड लागते. पेटी नेमकी तीच काढून घेते. मग तिच्या जागी मालक आकडा ठेवतो.

बोंबील आणि हायग्रोमीटर

हवेचा ओलावा म्हणजे काय हे मिरकरवाड्याला शिकवायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून उन्हाळा संपायच्या आत जवळा, सुकट, बोंबील वाळवून ठेवायचे असतात. वाळत घातलेली मासळी परतणाऱ्या बाईला टक्का विचारा, ती हसेल. ती वारा बघते. ऊन आहे पण वारा पडलाय, तर मासळी वरून वाळते आणि आतून नासते, हे तिला माहीत आहे. बोटांनी दाबून ती सांगेल की हा अजून दोन दिवस हवा. पाऊस लागला की तीच मासळी हवाबंद डब्यात जाते, कारण उघडी राहिली तर दोन दिवसांत मऊ पडते.

यात काही गूढ नाही. ती तीन गोष्टी एकत्र वाचते : ऊब, ओल आणि वारा. हायग्रोमीटर त्यातली एकच वाचतो. ‘६० टक्के झाले का’ असं विचारणाऱ्याने वारा गाळून टाकलेला असतो. हलत्या हवेतले ८० टक्के साप सहन करतो, कोंडलेल्या हवेतले ८० टक्के त्याला आजारी पाडतात. आईला मासळी परतताना पाहिलेल्या पोराने सापाची हवा समजून घ्यायला परदेशी व्हिडिओ बघावा, याचा मला राग येतो.

मडकं आणि पेटी

सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे. तिथे नागपंचमीच्या आधी गावकरी शिवारातून जिवंत नाग पकडत, मडक्यात ठेवत, पंचमीला त्यांची पूजा आणि मिरवणूक होई, आणि मग नाग परत सोडले जात. प्राणिप्रेमी संघटना न्यायालयात गेल्या, मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जिवंत नागांचं प्रदर्शन थांबलं. २०२५मध्ये केंद्र सरकारने शिक्षण आणि संशोधन असं कारण देऊन २१ नाग पकडायला परवानगी दिली, तेव्हा पुन्हा वाद पेटला. वाद व्हायलाच हवा होता. मी त्या मिरवणुकीच्या बाजूने नाही.

पण एक हिशोब मांडून बघा. शिराळ्याचा नाग मडक्यात काही दिवस असे. मडकं मातीचं, अंधारं आणि गार. आतला ओलावा भिंतीतून झिरपत बाहेर जातो. तरी आपण म्हणालो की हे क्रौर्य आहे, बंद करा. शहरातला किंवा कोकणातला मुलगा अजगराला काचेत वर्षानुवर्षं ठेवतो, उजेडात, चारही बाजूंनी उघडं, झिरपायला जागा नाही, परत सोडायचा प्रश्नच नाही. याला आपण छंद म्हणतो, आणि लाइक करतो. शिराळ्याचा शेतकरी अडाणी आणि इंग्रजी नावाचा साप पाळणारा ‘रेप्टाइल पॅरेंट’. सापाला या दोघांतला फरक कसा कळावा?

‘पण आम्ही नीट ठेवतो’

आता यावर जी उत्तरं येतात ती घेऊ.

‘आम्ही कायद्याने ठेवतो.’ भारतातला साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार संरक्षित जनावर पकडणं हेही शिकारीतच मोजतात. धामण असो, दिवड असो की अजगर. परदेशी सापांसाठी २०२२च्या दुरुस्तीने आणि २०२४च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी केली असेल तर चांगलंच. पण नोंदणी तो साप कुठून आला ते धुऊन काढत नाही. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले. त्या पुड्यात किती टक्के आर्द्रता होती? तुमच्या पेटीत ६० टक्के आहेत म्हणून तो प्रवास विसरायचा का?

‘घरात साप जास्त जगतो.’ जगू शकतो. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. मग प्रश्न असा की, एकोणीसाव्या वर्षी साप घेणारा मुलगा तेविसाव्या वर्षी नोकरीला पुण्याला किंवा आखातात जाणार. पुढची वीस वर्षं फवारा कोण मारणार? आई. तिला कुणी विचारलं होतं? आणि साप आजारी पडला तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य मोठ्या शहरातही शोधावा लागतो. श्वासाला शीळ आलेला साप पिशवीत घालून घाट चढून कोल्हापूर गाठायचं, की रात्रीच्या बसने मुंबई?

‘प्राणिसंग्रहालयातही काचच असते.’ असते. पण कात्रजला नीलिमकुमार खैरे यांनी १९८६मध्ये सर्पोद्यान उभं केलं, त्यामागे सापांबद्दलची भीती घालवायचं सार्वजनिक काम होतं. अशा ठिकाणी रोजचे सेवक असतात, पशुवैद्य असतो, वर प्राधिकरण असतं, चूक झाली तर जाब विचारता येतो. बेडरूममधल्या पेटीला कोण जाब विचारणार?

‘पाळल्याने लोकांची सापाची भीती जाते.’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते ऐकायला उदात्त आहे. कोकणात माणूस मरतो तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशाने. आणि काठीखाली मरतात धामण, नानेटी, दिवड, ज्यांच्यापासून जिवाला धोका नाही. आफ्रिकेतला अजगर हातात घेऊन मण्यार आणि कवड्या यांतला फरक कळत नाही. ती ओळख व्हायला गटाराशी, विहिरीशी, लाकडाच्या ढिगाशी जावं लागतं. तिथे रिंग लाइट नसतो.

‘मग कुत्रं-मांजरही पाळू नका.’ कुत्रं माणसाबरोबर हजारो वर्षं राहतंय, त्याला दार उघडं ठेवलं तर ते परत येतं. तुमच्या पेटीचं झाकण एक रात्र उघडं ठेवा आणि बघा कोण परत येतंय.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी

तत्त्व सांगून पेटीतल्या जनावराचं भलं होत नाही, म्हणून हे. साप घरात असेल तर तो बाहेर सोडू नका. परदेशी साप मोकळा सोडणं म्हणजे त्याचा किंवा इथल्या जनावरांचा जीव घेणं. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले आणि तिथले ससे, रॅकून दिसेनासे झाले. परदेशी सापाची नोंदणी करा. सांभाळणं जमत नसेल तर वन विभागाला कळवा. भारतीय साप असेल तर आजच १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा.

ठेवणारच असाल तर आधी आकड्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून दाट लगदा करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. तुमचा डबा ६५ किंवा ८५ दाखवत असेल तर इतके दिवस तुम्ही कशावर विश्वास ठेवत होता ते कळेल. नंतर तो डबा काचेवर उंच न चिकटवता साप बसतो त्या उंचीवर ठेवा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला.

पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे वारा जाईल अशी फट करा. पावसाळ्यात फवारा बंद. त्याऐवजी एका टोकाला दमट शेवाळ घातलेली, एकच तोंड असलेली डबी, आणि दुसऱ्या टोकाला तशीच पण कोरडी डबी. दोन्ही अंधाऱ्या, अंगाला चहूबाजूंनी टेकतील इतक्या लहान. भुसा हाताने दाबून बघा, पाणी सुटलं तर आजच बदला. ओलसर वास आला तरी बदला. साप कुठल्या डबीत बसतो ते रोज बघा. सतत दमट डबीत असेल तर बाहेर कोरडं आहे, सतत पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर गरम होतंय किंवा अंगावर गोचीड-पिसवांसारखे कीटक आहेत. निघालेली कात फेकायच्या आधी डोळ्यांचे दोन खवले आणि शेपटीचं टोक तिच्यात आहे का ते तपासा. एसी असेल तर साप एसीच्या खोलीत ठेवू नका. वीज गेली तर काय, याचं उत्तर मेच्या अखेरीआधी तयार ठेवा.

एवढं वाचून ‘हे फारच आहे बुवा’ असं वाटलं असेल, तर साप विकत न घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

बाहेर

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बोटी लागतात तेव्हा जाळ्यात कधीकधी समुद्रसाप असतो. चपट्या शेपटीचा, जमिनीवर धड सरपटता न येणारा, अतिशय विषारी. तो खाऱ्या पाण्यात जन्म काढतो. पिवळ्या पोटाच्या समुद्रसापावर झालेल्या संशोधनात दिसलं की तो समुद्राचं पाणी पिऊन तहान भागवत नाही. पाऊस नसेल तेव्हा महिनोन् महिने तो कोरडा पडत जातो, आणि पाऊस पडून समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगला की तो पितो. चारही बाजूंना पाणी आणि तरी पहिल्या पावसाची वाट बघणारं जनावर! पाणी आणि साप यांचं नातं इतकं नाजूक आहे, आणि ते आपण फवाऱ्याच्या बाटलीत बसवायला निघालो आहोत.

सापाचं वेड असणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. वेड असावं. ते सड्यावर न्यावं, खाडीच्या चिखलात न्यावं, धक्क्यावर जाळं उकलणाऱ्या माणसाजवळ बसवावं. जाळ्यात आलेला समुद्रसाप हात न लावता काठीने परत पाण्यात ढकलायला तांडेलाला पटवता आलं, वाडीत निघालेली एक नानेटी मारू न देता आली, तर ते तीन वर्षं ६० टक्के सांभाळण्यापेक्षा मोठं काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यात साप तुमचा होत नाही. अडचण तीच आहे, नाही का? आपल्याला साप आवडतो, पण तो आपला असला तर जास्त आवडतो.

पेटी मागवायच्या आधी टक्के किती ठेवायचे हे विचारू नका. आतल्या जनावराला नको असलेल्या हवेतून उठून दुसरीकडे जाता येईल का, एवढं विचारा. उत्तर नाही असेल तर कार्टमधून ती काढून टाका.